महिमतगडावरून धूर वाचताना

माघ सरत आला की संगमेश्वर तालुक्यातल्या सड्यांचा, म्हणजे सपाट कातळपठारांचा, रंग बदलतो. पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढलेलं गवत दिवाळीनंतर पिवळं पडतं, थंडी ओसरेपर्यंत त्यातला ओलावा निघून जातो, आणि मग पहिला पाऊस पडेपर्यंत वाड्यावाड्यांत एकच धास्ती असते, वणव्याची. आंब्याचा मोहोर, काजूची बी, रचून ठेवलेल्या गवताच्या उडव्या, रानाला लागून असलेले गोठे हे सगळं नेमकं याच महिन्यांत आगीच्या वाटेत येतं. वणवा विझवण्याबद्दल आपल्याकडे बरंच बोललं जातं. तो लवकर दिसावा कसा, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. एका दिवसात देवरूखहून जाऊन यावं, उंचावरून आसपासचा मुलूख पाहावा आणि धूर वाचायला शिकावं, यासाठी महिमतगडासारखी जागा नाही. ही टेहळणी कशी करतात, ते इथे क्रमाने सांगतो.

डोंगरमाथ्यावरून आग पाहण्याची पद्धत सर्वांत पद्धतशीरपणे अमेरिकेत रुजली. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि माँटाना राज्यांत दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं आणि किमान ८५ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या वन खात्याने शिखराशिखरावर टेहळणीच्या चौक्या उभारायला घेतल्या. १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी अशा आणखी कितीतरी चौक्या बांधल्या. चारी बाजूंनी काचा असलेली एक खोली, मध्यभागी टेबलावर गोल नकाशा, आणि उन्हाळाभर तिथे राहणारा एकच माणूस. विमानं आली, कॅमेरे आले, उपग्रह आले, तशा बहुतेक चौक्या बंद पडल्या. आज त्यांतल्या अनेक चौक्यांपर्यंत लोक एका दिवसाची पायपीट करत हौसेने जातात. काही चौक्यांवर मात्र अजूनही माणूस बसतो, कारण कोवळा धूर ओळखण्यात मुरलेल्या डोळ्याची बरोबरी अजून कुठल्याच यंत्राला पूर्ण साधलेली नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापून, जाळून मोकळी जमीन करून ठेवायची, हे काम असतं. हंगामापुरते वणवा रक्षक नेमले जातात, आणि मोठ्या अभयारण्यांत निरीक्षण मनोरे असतात. देवरूखच्या पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. ते आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर असून सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे त्यात येतात. तिथे खात्याची माणसं आणि यंत्रणा असते.

अडचण त्या माथ्याच्या खाली, पश्चिमेला सुरू होते. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतांश जमीन, जंगल वाटावं अशी जमीनसुद्धा, खासगी मालकीची आहे. सडा कुणाच्या सामायिक सातबाऱ्यावर असतो, उतार दुसऱ्याच्या, खालची काजूची बाग तिसऱ्याची, आणि यांतले निम्मे खातेदार मुंबईत. अशा जमिनीवर ना जाळरेषा, ना रक्षक, ना मनोरा. वणवा मात्र बांध पाहून थांबत नाही. खासगी सड्यावर पेटलेली आग वाऱ्याबरोबर वर चढत सरकारी रानात शिरते, आणि रानातली आग तशीच बागेत उतरते. त्यामुळे इथला टेहळ्या पगारी नसतोच. गुराखी, रानात फाटी आणायला गेलेली बाई, सुट्टीला आलेला कॉलेजचा मुलगा किंवा गड चढणारा पाहुणा, ज्याला आधी दिसेल तोच टेहळ्या. या माणसाला काय पाहायचं आणि पाहिल्यावर काय करायचं एवढं ठाऊक असलं, तर बरंच काही वाचतं.

महिमतगड देवरूखच्या पूर्वेला, पंचवीसेक किलोमीटरवर निगुडवाडीच्या डोक्यावर आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला खेटून, पण तिच्यापासून थोडा पुढे आलेला हा डोंगर. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या कुंडी घाटाच्या वाटेवर नजर ठेवणं हे त्याचं काम होतं. मागे पूर्वेला चांदोलीच्या कड्यांची भिंत आणि पुढे पश्चिमेला सडे, पऱ्हे आणि वाड्यांचा उतरत जाणारा मुलूख, अशी ही जागा आहे. शृंगारपूरच्या डोक्यावरचा प्रचितगडही असाच घाटाच्या तोंडावर बसलेला. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी सुर्व्यांचं शृंगारपूर घेतलं आणि हा सारा घाटाखालचा पट्टा स्वराज्यात आला. याच मुलखात १ फेब्रुवारी १६८९ रोजी, सह्याद्री उतरून आलेल्या मुकर्रबखानाने संगमेश्वरला संभाजी महाराजांना पकडलं. घाटावरून काय उतरतंय ही खबर वेळेत खाली पोहोचणं या भागात किती मोलाचं होतं, हे त्या एका दिवसावरून कळतं. आजच्या गडावर दरवाजाचे अवशेष, बुरुज आणि पाण्याची टाकी आहेत. बुरुजाची जागा निवडताना जो विचार केला होता तो आजही उपयोगी पडतो. त्या बुरुजावरून वाट दिसते, आणि जिथून वाट दिसते तिथून धूरही दिसतो.

या टेहळणीसाठी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा पहिला पंधरवडा निवडावा. त्याआधी गवतात ओल असते. एप्रिलमध्ये ऊन सोसत नाही आणि हवा इतकी धुरकट होते की लांबचं दिसत नाही. देवरूख आगारातून आदल्या दिवशी गाड्यांच्या वेळा विचाराव्यात, नाहीतर स्वतःचं वाहन न्यावं. उजाडताना निगुडवाडीत असावं. गावात कुणाला तरी सांगूनच चढावं, आणि वन खात्याच्या देवरूखच्या कार्यालयात आधी चौकशी करावी, कारण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि वणव्याच्या हंगामात काही वाटा बंदही केल्या जातात. वाट मळलेली असली तरी गवतात हरवते, म्हणून वाडीतला माहितगार सोबत घ्यावा. त्याचा दुसरा उपयोग पुढे सांगतो. माणशी तीन लिटर पाणी, सुती कपडे, बंद बूट, दुर्बीण, होकायंत्र आणि छापील नकाशा असावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी उत्तम. काडेपेटी खालीच ठेवावी. गडावर चहा करण्याचा मोह या महिन्यांत धरूच नये.

चढाला रमतगमत दीड-दोन तास लागतात. हा वेळ नुसता धापा टाकण्यात घालवू नये, कारण आग कशी चालेल हे वाटेवरच समजतं. आगीला हवा, उष्णता आणि जळण लागतं. यांपैकी जळण आपल्या पायाशीच असतं. पहिल्या टप्प्यात कुसळीसारखं गवत लागतं. ते बोटात चुरगाळून पाहावं. दुमडलं तर ओल आहे, कटकन तुटलं तर ते पेटायला तयार आहे. असं गवत काही सेकंदांत पेटतं आणि मिनिटभरात विझतं, पण तेवढ्यात आग पुढच्या गवतावर गेलेली असते. गवताची आग धावते. तिला जागेवर गाठणं कठीण, म्हणून तिच्या पुढच्या वाटेचा अंदाज बांधावा लागतो.

वर गेलं की झाडी लागते आणि जळण बदलतं. खाली पातेरा साठलेला असतो. पातेऱ्याची आग गवतापेक्षा हळू जाते, पण जास्त वेळ राहते, आणि वाळक्या ओंडक्यात शिरली तर दोन-दोन दिवस धुमसते. काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी फुलून वाळली असेल तर तिच्या काटक्यांचं रानच्या रान पेटतं. गेल्या काही दशकांत रस्त्यांच्या कडेला आणि पडीक जमिनीत रानमोडी माजली आहे. ती वाळली की गवताहून उंच ज्वाळा देते आणि आग झाडांच्या फांद्यांपर्यंत चढवते. म्हणून वाटेत रानमोडीचा दाट पट्टा दिसला तर तो कुठून कुठे जातो ते नकाशावर खुणेने लिहून ठेवावं.

झाडांच्या साली हात लावून पाहण्यासारख्या आहेत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड आणि फुटलेली असते. तिच्यामुळे हलकी आग ऐनाच्या आतल्या जिवंत थराला लागत नाही. कुंभ्याचंही तसंच. याच कुंभ्याच्या सालीच्या धाग्यांची वात पूर्वी तोड्याच्या बंदुकांना वापरत, कारण ती ज्वाळा न होता सावकाश धुमसते. ऐन, किंजळ, कुंभा ही झाडं वर्षानुवर्षं आग सोसून टिकली आहेत. ज्या उतारावर हीच मोठी झाडं आहेत आणि त्यांच्याखाली कोवळं रोप एकही नाही, तो उतार पुन्हा पुन्हा जळतो आहे असं समजावं. मोठं झाड आगीतून वाचतं, वीतभर रोप वाचत नाही. असं वीस-पंचवीस वर्षं चाललं की रान वरून हिरवं दिसतं, पण त्याला पुढची पिढीच उरत नाही. वणव्याचं खरं नुकसान हे आहे, आणि ते वर्तमानपत्रातल्या पंचनाम्यात कधी येत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवीची, चंडोलाची, रानकोंबड्याची अंडीही याच महिन्यांत आगीत सापडतात.

याउलट उदाहरणही जवळच आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या कितीतरी गावांत देवराया आहेत, आणि त्यांच्यावर अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने अनेक वर्षं काम केलं आहे. जुन्या देवराईत भर मार्चमध्ये शिरलं तर पायाखालचा पातेरा दमट लागतो. वर सदाहरित झाडांची छाया असल्याने गवत उगवत नाही, जमीन सुकत नाही, आणि सड्यावरून आलेली आग तिच्या कडेला येऊन बहुधा मरते. दाट सावली टिकवणं हा वणवा रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे.

चढता चढता उतारही मोजत राहावा. आग चढाला जोरात धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते पेटण्याआधीच सुकवून तापवतात. ढोबळ नियम असा की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. सपाट सड्यावर जी आग माणूस चालत चालत मागे टाकेल, तीच आग तीस अंशांच्या उतारावर आठपट वेगाने येईल. दोन सोंडांमधली अरुंद घळ तर धुराड्याचंच काम करते. घळीच्या तोंडाशी धूर दिसला की त्या घळीच्या वरच्या टोकाला कोण आहे, हा पहिला प्रश्न मनात यायला हवा.

माथ्यावर पोहोचल्यावर आधी सावलीत बसून पाणी प्यावं, मग नकाशा पसरावा. नकाशा उत्तरेला लावून घ्यावा. कोकणात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा त्याचा हिशेब न केला तरी चालतं. नंतर सोबतच्या माहितगाराला समोरच्या एकेका वाडीचं, सड्याचं, पऱ्ह्याचं नाव विचारावं आणि नकाशावर लिहावं. पाटीवर नसलेली, फक्त तिथल्या लोकांच्या तोंडात असलेली नावं यात सर्वांत महत्त्वाची. अमुक देवाचा सडा, तमुक जांभळीचा पऱ्ह्या, अशी नावं सरकारी नकाशात नसतात. आग लागल्यावर मात्र लोक याच नावांनी पळतात. सोबत माहितगार हवा तो मुख्यतः यासाठीच.

उंचावरून किती दूरचं दिसतं, याचं गणित सोपं आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ३.५७ ने गुणायचं, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते येतं. ६०० मीटर उंचीवरून हे अंतर सुमारे ८७ किलोमीटर भरतं. प्रत्यक्षात मार्चच्या धुरकट हवेत पंधरा-वीस किलोमीटरपलीकडचा कोवळा धूर ओळखू येत नाही, आणि मधल्या डोंगरांमागे काय चाललंय ते तर दिसतच नाही. न दिसणारे हे भाग नकाशावर रेघा मारून काळे करावेत. कुठला भाग दिसत नाही हे माहीत असणं टेहळ्यासाठी फार गरजेचं आहे. त्या बाजूला दुसऱ्या डोंगरावर कुणीतरी हवं, एवढं तरी त्यातून कळतं.

पाहण्याची पद्धतही ठरलेली असावी. नजर मोकाट फिरवली तर ती ओळखीच्या, सुंदर जागांवर अडकते. सगळ्या घेराचे आठ-दहा भाग करावेत. प्रत्येक भागात जवळून दूर आणि डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावं, शेजारचा भाग थोडा पुन्हा घ्यावा. आधी नुसत्या डोळ्यांनी, शंका आली तर दुर्बिणीने. दर पंधरा-वीस मिनिटांनी पूर्ण घेर एकदा व्हावा. सूर्य कुठे आहे हेही लक्षात घ्यावं. सूर्याच्या दिशेला पाहताना धूर पांढरट, उजळ दिसतो. सूर्य पाठीशी असेल आणि मागे गर्द डोंगर असेल तर तोच धूर निळसर, पातळ पदरासारखा दिसतो आणि नजरेतून निसटतो. सकाळी पश्चिमेकडचं आणि दुपारनंतर पूर्वेकडचं पाहणं यामुळे कठीण जातं. त्या वेळी त्या बाजूला अधिक वेळ द्यावा.

धुरासारखं दिसणारं पण धूर नसलेलं बरंच काही या मुलखात आहे. पहाटे नदीच्या खोऱ्यात धुकं साठतं. ऊन चढेल तसं ते खालून सुटतं आणि वर विरतं. धुराचं बूड मात्र एका जागी खिळलेलं राहतं, वरचा भागच हलतो. चिरेखाणीतून तांबडी धूळ उठते, पण ती थोड्या वेळाने बसते. मातीच्या रस्त्याने गाडी गेली तर धूळ गाडीबरोबर सरकते. आणि या सगळ्यांहून फसवा धूर असतो भाजावळीचा.

भाजावळ नीट समजून घ्यावी लागते, कारण तिच्यावर सरसकट ठपका ठेवणं अन्यायाचं आहे. भाताची दाढ भाजण्यासाठी शेतकरी कवळ तोडून वाळवतो, पातेरा, शेण आणि गवत यांचे थर रचतो, वर मातीचा पातळ थर देतो आणि पेटवतो. त्यामुळे तणाचं बी मरतं आणि रोप जोमाने येतं, असा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. नीट केलेल्या भाजावळीचा धूर दाट, पांढरट आणि थंड असतो, शेताच्या चौकटीत राहतो, आणि शेजारी माणसं उभी दिसतात. अनुभवी माणूस संध्याकाळी वारा पडल्यावर, वाऱ्याविरुद्ध बाजूने पेटवतो आणि कडेला टाळ, म्हणजे पाल्याची फांदी, घेऊन थांबतो. भर दुपारी पेटवलेली, राखण न ठेवलेली भाजावळ मात्र धोक्याची. दुर्बिणीतून धुराजवळ माणूस दिसतो का, एवढं पाहिलं तरी बराच उलगडा होतो.

खऱ्या वणव्याचा धूर रंगावरून आणि आकारावरून वाचतात. पांढरा आणि फुगीर असेल तर जळणात ओल आहे. करडा-पिवळसर असेल तर वाळकं लाकूड, झुडपं पेटली आहेत. काळा धूर रानाचा नसतो. टायर, प्लास्टिक किंवा तेल जळत असतं, म्हणजे घर, गाडी किंवा पाण्याचे पाइप आगीत आले असण्याची शक्यता धरावी. धुराचा खांब सरळ वर गेला तर वारा नाही, आडवा पडला तर ज्या बाजूला पडतो तिकडे आग जाणार. धुराचं बूड रुंदावत चाललं तर आग पसरते आहे. पाच मिनिटं तेच बूड तेवढंच राहिलं तर घाबरण्याचं कारण कमी.

यानंतर जागा ठरवायची. अमेरिकेतल्या चौक्यांत यासाठी ऑस्बोर्न फायर फाइंडर नावाचं साधं यंत्र असे, आणि काही ठिकाणी आजही आहे. गोल नकाशाच्या मध्यभागी चौकी, भोवती अंशांची खूण असलेलं कडं, आणि नेम धरायला दोन पट्ट्या. पट्टीतून धुराच्या बुडावर नेम धरायचा आणि कड्यावरचा अंश वाचायचा. आपल्याला हेच काम होकायंत्र आणि नकाशावर करता येतं. धुराच्या बुडाची दिशा अंशांत घ्यायची आणि गडावरून त्या दिशेने नकाशावर रेघ ओढायची. आग त्या रेघेवर कुठेतरी आहे. दुसऱ्या डोंगरावरून किंवा खालच्या वाडीतून कुणी तोच धूर पाहून दिशा सांगितली तर दुसरी रेघ ओढता येते, आणि दोन्ही रेघा छेदतात तिथे आग असते. वाचनात एका अंशाची चूक झाली तर दहा किलोमीटरवर साधारण १७५ मीटरचा फरक पडतो, तेव्हा हात दगडावर टेकवूनच वाचावं. दुसरी रेघ मिळत नसेल तर धूर कुठल्या सोंडेच्या अलीकडे आणि कुठल्या सोंडेच्या पलीकडे आहे ते पाहावं. धूर ज्या सोंडेला झाकतो ती त्याच्या मागे आहे, आणि जी सोंड धुराचं बूड झाकते ती पुढे.

आता फोन करायचा, आणि माझ्या मते सगळ्या टेहळणीचा कस इथेच लागतो. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, आणि जीविताचा धोका असेल तर ११२. हे दोन्ही फोन करावेत, पण त्यांच्याही आधी फोन जायला हवा तो आगीच्या समोरच्या वाडीत. खात्याचं वाहन येईपर्यंत गवताची आग डोंगर ओलांडून जाते. वाडीतली दहा माणसं अर्ध्या तासात तिथे असू शकतात. म्हणून चढण्याआधीच आसपासच्या वाड्यांतल्या पोलीस पाटलांचे, सरपंचांचे, वनरक्षकाचे क्रमांक लिहून घ्यावेत. रेंज कुठल्या बुरुजावर मिळते तेही माथ्यावर पोहोचताच पाहून ठेवावं. बोलणं मोजकं असावं: “अण्णा, मी महिमतगडावरून बोलतोय. तुमच्या वरच्या वाडीच्या मागचा सडा, पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला धूर आहे. गवताचा आहे. वारा तुमच्याकडून डोंगराकडे आहे. जवळ माणूस दिसत नाही. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत.” जागा, काय जळतंय, वारा कुठे, माणूस आहे का, आणि वेळ. अंश आणि नकाशा आपल्या वहीत राहू दे, वाडीला सड्याचं नाव पुरतं.

कायद्याचा भागही माहीत असावा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला आग लावणं गुन्हा आहे. कलम ७९ प्रमाणे राखीव किंवा संरक्षित वनात हक्क उपभोगणाऱ्यांवर आगीची खबर देण्याची आणि ती विझवायला मदत करण्याची जबाबदारी आहे. पण खासगी सड्यावर या कलमांपेक्षा वाडीची एकी जास्त कामाला येते, हेही तितकंच खरं.

वाडीतली माणसं आग कशी विझवतात, ते गडावरून दुर्बिणीतून दिसलं तर अवश्य पाहावं. ती आगीच्या तोंडावर जात नाहीत. जळून काळ्या झालेल्या बाजूने, आगीच्या दोन्ही कडांनी ओल्या टाळांनी झोडपत पुढे सरकतात आणि तोंड अरुंद करत नेतात. टाळ वरून आपटत नाहीत, त्याने ठिणग्या उडतात. टाळ दाबून, काळ्या बाजूकडे ओढतात. पुढे पायवाट, गडगा किंवा ओढा असेल तर तिथे आगीला गाठतात. वन खात्याकडे आता पाठीवर घेण्याचे ब्लोअर असतात. त्यांच्या झोताने पातेरा बाजूला सारून जमीन उघडी करता येते. समोरून उलटी आग लावण्याचा मार्गही आहे, पण तो फार अनुभवी माणसांनीच वापरावा. आग विझल्यावर ओंडके आणि बुंधे तपासणं राहून जातं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटल्यावर तिथूनच ती पुन्हा उठते. म्हणून काल जिथे धूर होता ती जागा आज टेहळणीत पहिली घ्यावी.

आकाशातूनही टेहळणी चालते. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याचे इशारे राज्यांना देत आलं आहे. मोडिस हा संवेदक एक किलोमीटरच्या आणि व्हीआयआयआरएस हा ३७५ मीटरच्या चौकोनात जमिनीची उष्णता पाहतो. आगीचं तेज चार मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास ठळक उठून दिसतं, त्यावरून संगणक आग ओळखतो आणि नोंदणी केलेल्यांना संदेश जातो. ही नोंदणी कुणालाही करता येते, आणि वाडीतल्या एका तरुणाने तरी ती करावी. मात्र हे उपग्रह एका जागेवरून दिवसभरात मोजक्याच वेळी जातात, त्यांतल्या महत्त्वाच्या फेऱ्या दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. सकाळी दहाला लागून बाराला विझलेली, दोन एकर गवत आणि काजूची चाळीस झाडं खाऊन गेलेली आग त्यांना दिसतच नाही. अशा आगी पाहायला डोंगरावर डोळेच लागतात.

दुपार चढते तसा वारा बदलतो, आणि उतरायचं कधी हे त्यावर ठरवावं. सकाळी हवा शांत असते. ऊन तापलं की उतारांवरून वारा वर चढू लागतो, आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे त्यात मिसळतात. दोन्हींची दिशा एकच, पश्चिमेकडून सह्याद्रीकडे. बारा ते चार ही वेळ म्हणूनच वणव्याची. खालच्या सड्यावर लागलेली आग याच वेळी गडाकडे चढते. गडाच्या पायथ्याच्या पश्चिम उतारावर धूर दिसला तर फोन करून लगेच हलावं, त्या उताराने उतरू नये, आणि घळीत तर शिरूच नये. गवत नसलेला कातळ, पाण्याच्या टाक्याभोवतीची मोकळी जागा किंवा आधीच जळालेला पट्टा हा आसरा. रात्री वारे उलटतात, मतलई वारे सुटतात आणि आग डोंगरावरून खाली वाडीकडे उतरू लागते. संध्याकाळी धुमसत राहिलेला धूर दिसला, तर पायथ्याच्या घरांना ते आवर्जून सांगावं.

उतरल्यावर वहीतली पानं कुणाच्या तरी हाती पडायला हवीत. कुठे धूर दिसला, किती वाजता, किती वेळ, काळे पट्टे कुठे आहेत, रानमोडी कुठे माजली आहे, कुठला भाग गडावरून दिसत नाही, ही माहिती ग्रामपंचायतीत आणि वनरक्षकाकडे द्यावी, नकाशाची प्रत ठेवावी. पूर्वी गुरं सडा चरून मोकळा ठेवत, शाकारणीसाठी गवत कापून नेत. आता गुरं थोडी झाली, छपरांवर कौलं आणि पत्रे आले, आणि ते सगळं गवत उभंच्या उभं वाळतं. पुढच्या हंगामासाठी पट्टा कुठे मारायचा हे या नकाशावरून ठरतं. ग्रासकटरने बांधालगतचं गवत काढायचं आणि बागेची बेणणी करायची ती डिसेंबर-जानेवारीत, गवत पिवळं पडलं की लगेच. सामायिक सड्यावरचा पट्टा कुणी एकट्याने करायचा नसतो. त्याची बैठक दिवाळीला चाकरमानी गावात असतानाच घ्यावी, म्हणजे खातेदारांची संमती आणि मजुरीचे पैसे दोन्ही तिथेच गोळा होतात.